बालाघाट ते नाथसागर : बीडकराचं एक पक्षीवर्ष

बालाघाटी (धागाकर्ता)

मराठवाड्यात बघण्यासारखे पक्षी आहेत तरी कुठे, असं बाहेरच्या कुणी विचारलं तर समजू शकतो. पण बीडमध्येच लहानाची मोठी झालेली माणसं हे विचारतात तेव्हा वाईट वाटतं. म्हणून मागच्या मृगापासून या मृगापर्यंत जे पाहिलं आणि कॅमेऱ्यात टिपलं, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. यादी इथे देत नाही, ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेली आहे.

वर्षभरासाठी तीनच जागा ठरवून धरल्या होत्या : पाटोद्याकडचा बालाघाटावरचा माळ, पालीजवळचं बिंदुसरा धरण आणि पैठणचा नाथसागर. त्याच त्या जागी सगळ्या ऋतूंत गेलं की पक्षी कशासाठी आला आणि का गेला, हे कळायला लागतं. दुर्मिळ पक्षी दिसल्याचा मेसेज आला की गाडी काढायची, ही पद्धत मला पटत नाही. त्यात फोटो मिळतो, पण पक्ष्याची ओळख होत नाही.

आपल्याकडे पक्ष्यांचं वर्ष पावसापासून धरावं. मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात चातक येतो. आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून आलेला हा पक्षी बाभळीच्या शेंड्यावर बसून ओरडायला लागला की धनगर मंडळी आभाळाकडे बघतात. त्याचं लक्ष मात्र सातभाईंच्या घरट्यांवर असतं, कारण अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात. सातभाईही ते जाणून असतात आणि दिसला की सगळा थवा त्याच्यामागे लागतो. पावशा तर रात्रीसुद्धा थांबत नाही.

या दिवसांत काळ्या रानात गाडी घालायची सोय नसते. चाकात चिखल बसला की मोटारसायकल ढकलतसुद्धा नाही. म्हणून पावसाळाभर एका विहिरीच्या काठी बसून सुगरणी बघितल्या. विहिरीवर बाभळ झुकलेली आणि शेजारी ऊस. पिवळ्या डोक्याचा नर उसाच्या पानावर बसतो, पानाच्या कडेला चोचीनं बारीक खाच पाडतो, तिथला धागा चोचीत पकडतो आणि सरळ उडतो. उडता उडता पान उभं फाटत जातं आणि लांबलचक पट्टी त्याच्याबरोबर निघून येते. ती हिरवी असतानाच विणायची, वाळली की मोडते. घरटं अर्धवट, शिरस्त्राणाच्या आकाराचं झालं की तो थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत बसून बघते, विणकाम ओढून बघते. पसंत पडलं तरच पुढची नळी विणली जाते, नाहीतर ते घरटं तसंच लटकत राहतं. त्या विहिरीवर अशी नापसंत घरटी बरीच होती. या सगळ्याचे फोटो खाली दिले आहेत. पान फाटतानाचा फोटो मिळायला पूर्ण श्रावण गेला, पण वर्षातला माझा सगळ्यात आवडता फोटो तोच.

गौरी-गणपतीच्या दिवसांत बिंदुसऱ्याच्या सांडव्याखाली करडा धोबी दिसला की समजायचं, पाहुणे यायला लागले. दसऱ्याच्या सुमारास तुरीच्या शेतांवरच्या तारांवर नीलकंठ आणि खाटीक दिसू लागतात. आणि दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, गावं रिकामी झाली की तलावांवर बदकं उतरतात. मार्च-एप्रिलमध्ये माणसं परत येतात तेव्हा बदकं निघून गेलेली असतात. माझ्या गावातल्या कितीतरी लोकांनी गावाच्या तलावातलं तलवार बदक आयुष्यात पाहिलेलं नाही, त्याचं कारण एवढंच आहे.

हिवाळ्यात माळ सोडवत नाही. कुसळी गवत पिवळं पडलेलं असतं, पँटभर कुसळं टोचतात, आणि त्या गवतावरून हात-दोन हात उंचीनं भोवत्या हा शिकारी पक्षी फिरत असतो. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरलेले आणि मान खाली. नाकतोडा दिसला की एकदम गवतात पडतो. आपल्याकडे दोन्ही येतात, माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या. नर ओळखायला सोपे. माँटेग्यूच्या पंखावर आडवी काळी रेघ असते, पांढुरक्याचा सगळा पंख फिकट आणि टोकाला फक्त काळी पाचर. माद्यांच्या बाबतीत मी अजून फोटो मोठा करून चेहऱ्यावरच्या खुणा बघतो, मगच नाव लिहितो. संध्याकाळी हे पक्षी झाडावर जात नाहीत, उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. मध्य आशियातून इतक्या लांब आलेल्या पक्ष्याला रात्र काढायला उभं गवत लागतं, आणि नेमकं तेच आपण ठेवत नाही. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराब, बोलण्यात पडीक. मग तिथे गिरिपुष्पाची रोपं लावायची, चर खणायचे, किंवा सरळ नांगर घालायचा. झाडं लावणं चांगलंच, पण माळावर नव्हे. माळाला झाडं नसणं हा त्याचा आजार नाही. धाविक, मुरारी, डोंबारी, माळटिटवी, पखुर्डी, तित्तिर, लावे ही सगळी मंडळी उघड्या जमिनीवरची आहेत, सावली वाढली की ती तिथून उठतात. आपल्या शेजारच्या सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोक जवळपास दिसेनासा झाला, ते सगळ्यांना माहीत आहे.

नाथसागरावर लिहायचं तर वेगळा धागा लागेल. १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं, १९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. जलाशय पसरट आणि बराचसा उथळ आहे, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी मोठी जमीन उघडी पडते. पक्ष्यांसाठी सगळं गणित या पाण्याच्या कडेवर चालतं. धरण काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी चिखलपक्षी आणि रोहित विखुरतात, लोक म्हणतात यंदा पक्षी आलेच नाहीत. पाणी हळूहळू उतरत गेलं की चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार, चमचे सगळे कडेला येतात. जानेवारीत सोनवाडीच्या बाजूला पट्टकादंबांचा थवा गाळपेऱ्यातल्या (पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या) हरभऱ्यातून उठून पाण्यावर येताना पाहिला. हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी सकाळच्या कोवळ्या उन्हात डोक्यावरून जाताना कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघत उभा राहिलो. नाथषष्ठीच्या आसपास ते निघून जातात.

उन्हाळा लोक टाळतात, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. एप्रिलमध्ये माळावरच्या पाझर तलावाचं डबकं उरतं आणि दहा कोसातल्या पाखरांना तेवढंच पाणी. सकाळचं ऊन बऱ्यापैकी चढल्यावर पखुर्ड्या येतात. आधी आवाज ऐकू येतो, मग थवा दोन चकरा मारून पाण्यापासून लांबच उतरतो. बराच वेळ कुणी हलत नाही, मातीत माती मिसळल्यागत. मग सगळ्या एकदम तुरुतुरु काठाशी येतात, काही सेकंदांत पाणी पिऊन उडतात. एक नर मात्र मागे राहिला, पोटापर्यंत पाण्यात उतरला आणि अंग घुसळत बसला. पखुर्डीच्या नराच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. ते ओलं पोट घेऊन तो रखरखत्या माळावरून पिलांकडे जातो आणि पिलं पिसांतून पाणी ओढून पितात. पुस्तकात हे कितीदा वाचलं होतं, पण पाटोद्याच्या माळावर डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला.

प्रश्न असतील तर विचारा. तुमच्या भागातलंही लिहा.

गोदाकाठ

फार सुंदर लिहिलंत दादा. मी नांदेडची. विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला सकाळी फिरायला जाते, तिथे नदी सुरय आणि पाणकावळे भरपूर. एक शंका आहे. भाद्रपदात लोह्याकडे जाताना तारेवर नीलकंठ दिसला, पण छाती पूर्ण निळी होती. नेहमीच्या नीलकंठाची तपकिरी असते ना? मोबाइलवर काढलेला फोटो जोडलाय, स्पष्ट नाही.

तुरुमती

गोदाकाठ ताई, फोटो लहान असला तरी पुरेसा आहे. डोकं, छाती, पोट सगळं एकसारखं फिकट निळं आणि पाठ तांबूस, म्हणजे हा काश्मीरी नीलकंठ. आपला नेहमीचा नीलकंठ छातीला तपकिरी-जांभळट असतो. काश्मीरी नीलकंठ आफ्रिकेला जाता जाता पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडून जातो, थोडे दिवस थांबतो आणि पुढे निघतो. ई-बर्डवर फोटोसकट नक्की नोंदवा. नांदेड, हिंगोली, परभणी या पट्ट्यातून नोंदी फार कमी येतात. तिकडे पक्षी नाहीत असं नाही, बघणारे कमी आहेत.

शाळूवाला

लेख चांगला हाय पण भोरड्याचं, त्या गुलाबी पाखराचं, नाव पण घेतलं नाही राव. मी परंड्याकडचा. आमच्याकडं शाळूला निसवल्यापासून भोरड्यानं जीव नको केलाय. एक थवा उतरला की कणसाच्या नुसत्या पिशा राहतात. पूर्वी सगळं शिवार जवारीचं असायचं, पाखरू कुठं कुठं खाईल, कुणाला जाणवत नव्हतं. आता सगळे सोयाबीन आन उसाकडं वळले. शिवारात चार जणांची जवारी, मग सगळं पाखरू त्या चार जणांवर. म्हातारं माणूस माळ्यावर गोफण घेऊन बसतंय, पोरं डबे वाजवायलेत, चमकीच्या पट्ट्या बांधल्या, दोन दिवसात पाखराला त्याची सवय व्हतीय. तुम्ही लोक फोटो काढता, चांगलं हाय, पण राखण करणाराचं पण ऐका.

बालाघाटी

शाळूवाला भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. भोरड्या युरोपच्या पूर्व टोकापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ भागात वीण घालतात, तिथे टोळ आणि नाकतोडे हेच त्यांचं मुख्य खाणं. आपल्याकडे त्या पावसाळा संपता संपता येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. ज्वारी उभी असेपर्यंत ज्वारी, नंतर पळस-पांगऱ्याच्या फुलांतला मध, वड-पिंपळाची फळं. रानातल्या अळ्या आणि किडेही खातात, पण तुमच्या कणसांचं नुकसान त्यानं भरून येत नाही, हे मान्य. ज्वारी करणारे कमी झाले म्हणून उरलेल्यांवर बोजा वाढला, हे तुम्ही जे सांगितलंत ते मी माझ्या मामांच्या शेतात बघतोय. माझं ठाम मत आहे की जो अजून शाळू पेरतो, त्याला नुकसानीची भरपाई मिळायला हवी, जशी रानडुकरांसाठी मिळते. ज्वारी गेली तर कडबा जाईल, जनावरं जातील आणि माळावरची पाखरंही.

टोळीतला

ऊसतोडीचं वाचून लिहावंसं वाटलं. माझं बालपण कारखान्याच्या फडात गेलं. आई-वडील तोडायचे, मी लहान भावाला सांभाळायचो. ऊस तुटत जाईल तसे बगळे पाठोपाठ चालत यायचे, निघालेले किडे-बेडूक टिपायला. आम्ही भावंडं एकेकाला नाव द्यायचो. आता नोकरीला लागलोय, मागच्या वर्षी दुर्बीण घेतली. आणि खरंच, पहिल्यांदा डिसेंबरमध्ये गावी राहिलो तेव्हा आमच्या तलावात एवढी बदकं असतात हे कळलं. आईला दाखवली. ती म्हणाली, ही कधी आली? म्हटलं, दरवर्षी येतात.

फोटोवेडा

जबरदस्त फोटो! कॅमेरा, लेन्स, सेटिंग सांगा सर. आणि शृंगी घुबडाच्या पिलांचा फोटो आहे त्याचं लोकेशन व्यक्तिगत निरोपात पाठवता का? रविवारी चारपाच जण येतोय संभाजीनगरहून.

तुरुमती

फोटोवेडा, राग मानू नका, पण घरट्याचं लोकेशन मागू नये आणि दिलं तर घेऊही नये. शृंगी घुबड ओढ्याच्या कडेला, दरडीच्या कपारीत अंडी घालतं. माणसं जवळ गेली की मादी उठते, आणि पिलं उन्हात उघडी पडली की कावळ्यांना आयती सापडतात. चारपाच जणांचा गट तासभर समोर उभा राहिला तर काय होईल ते तुम्हीच बघा. घुबडामागे अंधश्रद्धेतून शिकारी लागतात तो धोका वेगळाच. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं हाही तसाच प्रकार, विणीच्या काळात तर नकोच. संभाजीनगरहून निघताय तर सलीम अली सरोवर किंवा हिमायतबाग दारातच आहे, तिथे सकाळ घालवा.

बालाघाटी

तुरुमती सरांशी सहमत. तो फोटो पलीकडच्या काठावरून, बऱ्याच अंतरावरून काढलाय आणि खूप कापलाय. पिलं केव्हाच उडून गेलीत, तरी जागा सांगणार नाही, कारण तीच जोडी दरवर्षी त्याच दरडीत येते.

कॅमेऱ्याचं सांगतो. निम्मं वर्ष ८३ पट झूमच्या ब्रिज कॅमेऱ्यावर काढलं, नंतर १५०-६०० मिमीची वापरलेली लेन्स घेतली. बसलेल्या पक्ष्याला ब्रिज कॅमेरा पुरतो, उडत्या पक्ष्याला कमी पडतो. उडताना शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही. पांढरे पक्षी, म्हणजे बगळे, चमचे, उन्हात जळतात म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवून ठेवायचं. पांढऱ्या आभाळावर घार-गरुड असेल तर उलट वाढवायचं. जुन्या जीन्सचा पाय कापून पिशवी शिवली, त्यात ज्वारी भरली आणि गाडीच्या खिडकीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवतो. ट्रायपॉडपेक्षा बरं पडतं.

पण आपल्या भागात लेन्सपेक्षा वेळ महत्त्वाची. हिवाळ्यातसुद्धा नऊ-साडेनऊनंतर माळावरून झळा उठायला लागतात आणि लांबचा पक्षी धूसरच येतो, लेन्स लाखाची असली तरी. उजाडण्याआधी जागेवर पोचायचं, ऊन पाठीशी घ्यायचं. आणि माळावर एकटं उभं राहू नका. मेंढरांच्या कळपाजवळ जमिनीवर बसा. धाविक आणि माळटिटव्यांना मेंढरांची सवय असते, कळप पुढे सरकतो आणि पक्षी आपल्या आजूबाजूला चरत राहतात. धाविकाचा जवळचा फोटो तसाच मिळालाय. दुरून पायी त्याच्याकडे चालत गेलात तर तो पळत पळत पुढेच जात राहतो. ज्या धनगर बाबांच्या कळपात बसलो होतो, त्यांना माळावरचं प्रत्येक पाखरू ठाऊक आहे. टिटवीची अंडी कुठं आहेत ते बघून ते कळप वळवतात.

नाथकाठ

मी पैठण तालुक्यातला, पिंपळवाडीच्या बाजूचा. पाण्याच्या कडेचं जे लिहिलंय ते अगदी बरोबर. गाळपेऱ्यात माझाही हरभरा असतो, पट्टकादंब रात्री येतात आणि कोवळा शेंडा खातात. त्रास होतो, पण थोडे दिवसच. आम्हाला जास्त काळजी पाण्याची. वरच्या धरणांतून पाणी किती सुटतं आणि किती नाही, यावर आमचंही वर्ष आणि पाखरांचंही. शिवाय नाथसागरावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचं काय होणार हा प्रश्न आहेच. त्याविरोधात मच्छीमारांच्या वतीने केलेली याचिका आधी हरित लवादानं २०२४ मध्ये निकाली काढली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ढवळाढवळ केली नाही. वीज पाहिजे, नाही म्हणत नाही. पण कुठल्या भागात पॅनेल टाकणार, तिथे हिवाळ्यात बदकं किती उतरतात, हे आधी मोजायला हवं. आमचे भोई-कहार लोक रोज पाण्यावर असतात, त्यांना विचारलं तरी कळेल.

बालाघाटी

नाथकाठ, मोजणीबद्दल अगदी मनातलं बोललात. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आपल्या देशात ती १९८७ पासून चालू आहे. एकाच जागेचे बरीच वर्षं सलग आकडे असले तर कुठल्याही प्रकल्पाच्या वेळी ते समोर ठेवता येतात. नाथसागराचे थोडेफार आहेत, पण माजलगाव, बिंदुसरा, मांजरा, सिद्धेश्वर, येलदरी इथले सलग आकडे तयार व्हायला हवेत. एका तलावाला दोन माणसं पुरतात.

चिऊची आई

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, आम्ही अंबाजोगाईला राहतो. तिला अंगणातले बुलबुल, सूर्यपक्षी ओळखता येतात. पुढे काय करावं? दुर्बीण कोणती घ्यावी? नायगावच्या मयूर अभयारण्यात न्यावं का?

बालाघाटी

ताई, ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या, पण आठ वर्षांच्या मुलीला ती जड होईल, तिच्यासाठी ८x३२ बरी. कॅमेरा इतक्यात नको. एक वही द्या आणि पक्ष्याचं चित्र काढायला सांगा. चोच कशी, पाय कसे, शेपूट हलते का, हे चित्र काढतानाच नीट बघितलं जातं. नायगावला जरूर न्या, पावसाळ्याच्या सुरुवातीला मोर पिसारा फुलवतात तेव्हा. अभयारण्य जवळजवळ ३० चौरस किलोमीटरचं आहे आणि पहाटे गेलात तर रस्त्यावरूनच मोर दिसतील. नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या दरम्यान. तेव्हा तिच्या शाळेत वर्गाला घेऊन गावाच्या तलावावर एक सकाळ काढता येईल का ते विचारा. लागलं तर मी बीडहून येईन, दुर्बिणी माझ्याकडे आहेत.

चिऊची आई

नक्की विचारते. बाईंचा होकार आला की निरोप पाठवते.

तुरुमती

अंबाजोगाईला मीही येईन. मुलांना उभं राहून नीट बघता यावं म्हणून माझा स्पॉटिंग स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) आणतो, तेवढी सावलीची जागा आधी बघून ठेवा.